शब्दचर्चा: अणुअंक म्हणजे प्रोटॉन किती की इलेक्ट्रॉन किती?

मुलगी नववीत आहे. क्लासच्या नोट्समध्ये अणुअंक म्हणजे इलेक्ट्रॉनची संख्या असं दिलंय, पुस्तकात प्रोटॉनची. दोन्ही चालेल का? आणि अणुक्रमांक म्हणजे तेच ना?

▪ हो ताई, अणुअंक आणि अणुक्रमांक एकच. पण इलेक्ट्रॉनवाली व्याख्या तिला पाठ करू देऊ नका. घरातलं मीठ घ्या. सोडिअमचा अणुअंक 11, म्हणजे केंद्रकात 11 प्रोटॉन, आणि सुटा अणू असेल तर बाहेर इलेक्ट्रॉनही 11च कारण धन-ऋण प्रभार फिटायला लागतो, त्यामुळे दोन्ही आकडे सारखे दिसतात आणि सगळा घोळ तिथेच होतो. मिठात मात्र सोडिअमचा एक इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे गेलेला असतो, उरले 10, आणि निऑनचेही 10च असतात! मग मिठातल्या सोडिअमला निऑन म्हणणार का? प्रोटॉन 11 आहेत तोवर तो सोडिअमच.

▪ पण रासायनिक गुणधर्म तर इलेक्ट्रॉनच ठरवतात ना?

▪ ठरवतात, अगदी बरोबर. पण अणूने मुळात किती इलेक्ट्रॉन धरायचे हे केंद्रकातले प्रोटॉन ठरवतात. म्हणून ओळख प्रोटॉनवरून.

▪ क्रमांक शब्दाबद्दल थोडं. आधी तो खरंच नुसता क्रमांक होता, आवर्तसारणीत कितवं घर एवढाच अर्थ. मग 1913 मध्ये हेन्री मोस्ले या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने एकेका मूलद्रव्याचे क्ष-किरण मोजले आणि त्यांच्या वारंवारतेचं वर्गमूळ घरागणिक जवळपास सारख्याच पायरीने वाढताना दिसलं. कोबाल्टचं अणुवस्तुमान 58.93 आणि निकेलचं 58.69, वजनाने लावलं तर निकेल आधी यायला हवं, पण क्ष-किरणांनी कोबाल्ट 27 आणि निकेल 28 असंच दाखवलं. म्हणजे हा नंबर केंद्रकावरच्या धनप्रभाराचा निघाला, आणि प्रोटॉन हे नाव तर रदरफोर्ड या शास्त्रज्ञाने 1920 मध्ये दिलं. ते ऐकायला मोस्ले नव्हता, 1915 मध्ये पहिल्या महायुद्धात, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला, वय फक्त 27. फार हळहळ वाटते.

▪ धन्यवाद सगळ्यांना. परीक्षेत आयनचे, म्हणजे प्रभार असलेल्या अणूचे, इलेक्ट्रॉन विचारले तर?

▪ अणुअंकातून प्रभार चिन्हासकट वजा करायचा. मॅग्नेशिअम अधिक दोन असेल तर 12 मधून 2 गेले, 10. ऑक्साइड (ऑक्सिजनचा आयन) उणे दोन, म्हणून 8 मध्ये 2 मिळवायचे, परत 10. अणुअंकाला मात्र हात लावायचा नाही.