गटामुळे घरात फरक पडतोच
कॅथलिक पुरुषांच्या गटात नुसत्या चर्चा होतात, घरात काही बदलत नाही, असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. मी नाशिकरोडला अशाच गटात जातो. आधी संध्याकाळची जपमाळ, म्हणजे रोझरीची प्रार्थना, आई आणि बायकोवरच सोडलेली. मी शिफ्टवरून आलो की सरळ टीव्हीसमोर. गटातल्या एका काकांनी एवढंच विचारलं, "तुझ्या पोरांनी तुला गुडघ्यावर कधी बघितलंय का?" त्या रात्री बसलो. जपमाळेत येशू आणि मरियेच्या जीवनातल्या पाच घटना, म्हणजे रहस्यं, आठवतात; त्यातलं पाचवं कुठलं तेच आठवेना, धाकटीने हळूच सांगितलं.

आणि बापाने घरच्या प्रार्थनेत पुढे व्हायचं म्हणजे कुटुंबप्रमुख म्हणून हुकूम सोडायचे, असा अर्थ काढू नका. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (कॅथलिक बिशपांची जागतिक सभा) १९६४ च्या 'लुमेन जेन्सियम' या चर्चविषयीच्या दस्तऐवजात मुलांना श्रद्धा सर्वांत आधी सांगणारे म्हणून आईवडील दोघांनाही धरलंय. आमच्याकडे आता बायबलचा उतारा एक दिवस बायको वाचते, एक दिवस मी.