मदत हवी आहे: बदलत्या नोझलचे इन-इअर, डाव्या कानात डग्गा पोकळ आणि ‘स’ टोचतो

गंगापूररोडकर

नमस्कार मंडळी. आधी वस्तूची माहिती देतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना विचारत बसावं लागणार नाही.

तारेचे इन-इअर (कानाच्या नळीत बसणारे इअरफोन) आहेत, प्रत्येक बाजूला एकच १० मिमीचा डायनॅमिक ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग). नोझल (टिप जिच्यावर बसते ती आवाजाची नळी) आट्यांचे आहेत, फिरवून काढता येतात, आणि तीन जोड्या सोबत मिळाल्या: लाल (जास्त बास), काळी (मधली) आणि सोनेरी (जास्त ट्रेबल, म्हणजे वरचे स्वर). तार सुटी होते, ०.७८ मिमीची टू-पिन. सिलिकॉन टिप्स एस, एम, एल. फोनला जॅक नसल्यामुळे यूएसबी-सी डोंगल वापरतो. ऐकणं मुख्यतः ख्यालगायन आणि तबला सोलो. सकाळी पंचवटी एक्सप्रेसमध्ये नाशिकरोड ते दादर, रात्री घरी.

अडचणी अशा: डाव्या कानात डग्ग्याची थाप ऐकू येते, पण घुमारा येत नाही. बोटाने हलकं दाबलं की लगेच येतो, सोडलं की जातो. उजवीकडे एम टिपवर घुमारा भरपूर आहे, पण बोलताना किंवा काही खाताना तिथेही सुटतो. दुसरं, ‘स’ आणि ‘श’ दोन्ही कानांत टोचतात. काळं नोझल लावलं की टोचणं कमी होतं, पण तानपुऱ्याची जवारी (तारांची झणझण) झाकली जाते. तिसरं, उजवीकडचा घालताना ‘कट्‌’ असा बारीक आवाज होतो.

आता टिप्स बदलू, नोझल बदलू, इक्वलायझर लावू, की थेट कानाचं माप देऊन टिप्स करून घेऊ? आधी काय करायचं ते कळत नाहीये.

सातपूर_शिफ्ट

क्रम विचारलात ते बरं केलंत, कारण इथे क्रम चुकला की सगळी मेहनत पाण्यात जाते. आधी सील (टिपेने कान हवाबंद होणं), मग टिप किती खोल बसते ते, मग नोझल, आणि इक्वलायझर सगळ्यात शेवटी. सील सुटलेलं असताना नोझल ऐकून निवडलं तर ती निवड सील बसल्यावर खोटी ठरते.

त्याआधी दोष कानाचा की वस्तूचा हे वेगळं करा. तारेची डावी पिन उजव्या शेलला (इअरफोनच्या कवचाला) आणि उजवी पिन डाव्या शेलला लावून बघा. कमजोरी डाव्या कानातच राहिली तर तार आणि डोंगल निर्दोष. मग दोन्ही नोझलची अदलाबदल करा. कमजोरी नोझलबरोबर उजवीकडे गेली तर जाळीत मळ बसलाय किंवा नोझलच्या बुडाची रबरी रिंग जागेवर नाही. ही रिंग केसाएवढी बारीक असते, नोझल बदलताना जुन्या नोझलला चिकटून निघून जाते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. ती नसली की आट्यांतून हवा गळते, आणि हवा गळली की बास गेला. नोझल पांढऱ्या कापडावर काढा आणि बोटांनी जेवढं फिरेल तेवढंच आवळा. पक्कड लावू नका, आटे प्लास्टिकमध्ये असतील तर एका झटक्यात जातात.

पिना लावताना एक बघा. सपाट सॉकेट असेल तर टू-पिन उलटीही बसते. एक बाजू उलटी बसली की त्या बाजूची पोलॅरिटी (धन-ऋण टोकं) उलटते. गायकाचा आवाज मधोमध न राहता डोक्याभोवती पसरतो आणि खालचे स्वर विचित्र, विसविशीत वाटतात. पिनेवरच्या खुणा दोन्हीकडे सारख्याच दिशेला हव्यात.

खर्जषड्ज

‘बोटाने दाबलं की घुमारा येतो’ या एका वाक्यात निदान झालंय. डावीकडे सील नाही. एवढासा ड्रायव्हर कानाच्या बंद पोकळीतली हवा दाबून खालचे स्वर ऐकवतो. पोकळीला फट राहिली की दाब तयारच होत नाही, आणि नुकसान तळापासून सुरू होतं. बारीक फट असेल तर ५०-६० हर्ट्झ जातात, मोठी असेल तर डग्ग्याचा सगळा मूळ स्वरच जातो आणि फक्त चामड्यावरची थाप उरते. तुम्हाला ऐकू येतंय ते हेच.

तपासायला ४० हर्ट्झची सलग साइन टोन हळू आवाजात लावा. दोन्हीकडे सारखी आणि भरीव ऐकू यायला हवी. मग डोकं डावी-उजवीकडे वळवा, जबडा उघडा-मिटा. टोन डगमगली तर टिप लहान आहे किंवा नीट बसलेली नाही.

दोन्ही कानांना एकच माप लागतं असं अजिबात नाही. डावीकडे एल आणि उजवीकडे एम, हे अगदी नेहमीचं आहे. शिवाय एस-एम-एल ही अक्षरं कंपनीगणिक बदलतात, एकीचा एम दुसरीच्या एसएवढा असतो. व्हर्नियर असेल तर टिपेचा बाहेरचा व्यास मोजून ठेवा. साधारण अर्ध्या-एक मिलिमीटरच्या पायऱ्यांत मापं मिळतात, आणि तेवढ्या फरकाने सील बसतं किंवा सुटतं.

घालायची पद्धत: डाव्या कानासाठी उजवा हात डोक्यावरून घ्या, कानाची पाळी वर आणि मागे ओढा, तोंड किंचित उघडा आणि शेल थोडा पुढच्या बाजूला फिरवत आत सरकवा. मग पाळी सोडा. पाळी ओढल्यावर वाकडी नळी जरा सरळ होते आणि टिप दुमडत नाही. नुसती ढकललेली टिप आत घडी पडून बसते, आणि त्या घडीतूनच हवा जाते. मोठी टिप घेऊनही बास येत नाही अशी तक्रार असते तिथे बहुतेकदा ही घडीच असते.

‘कट्‌’ आवाजाची काळजी नको. टिप आत जाताना अडकलेली हवा ड्रायव्हरचा पडदा दाबते आणि तो क्षणभर मुडपतो. तोंड उघडं ठेवून सावकाश घातलं की बहुतेक वेळा थांबतं. सारखं झटक्याने घालणं मात्र टाळा.

आता ‘स’. इथे किती खोल बसलंय याचा थेट संबंध आहे. नोझलचं तोंड आणि कानाचा पडदा यांच्यामधली हवा एका ठरावीक कंपनाला घुमते. अंतर साधारण २१ मिमी असेल तर ८ किलोहर्ट्झच्या आसपास, २४-२५ मिमी असेल तर ७ किलोहर्ट्झच्या आसपास. तेवढाच भाग मोठा ऐकू येतो, आलेखात उंचवटा दिसतो. म्हणजे टिप वरवर बसली की हा उंचवटा खाली सरकतो आणि नेमका ‘स’, ‘श’ जिथे असतात तिथे येऊन बसतो. दोन-तीन मिलिमीटर आत घेतली की वर सरकतो आणि टोचणं कमी होतं. म्हणून ‘स’साठी काळं नोझल लावण्याआधी टिप आत घ्या. काळ्या नोझलची घट्ट जाळी सगळाच वरचा भाग दाबते, जवारीसकट. तुम्हाला जवारी ठेवायची आहे.

आडगावचा रसिक

फोमच्या टिप्स लावून बघा. बोटांत वळून बारीक करायच्या, कानात घालून २०-३० सेकंद धरून ठेवायच्या, तोवर त्या फुगतात. ट्रेनमध्ये बाहेरचा गोंगाट चांगला अडतो आणि जबडा हलला तरी सील टिकतं. वरची धार किंचित बोथट होते. दोन-तीन महिन्यांत लिबलिबीत झाल्या की बदलायच्या. स्पिरिटने पुसू नका, फोम खराब होतो. ओलसर फडकं पुरे.

गंगापूररोडकर

धन्यवाद, सगळं करून पाहिलं. पिना आणि नोझल अदलाबदल केल्या तरी कमजोरी डाव्या कानातच राहिली. रिंगा जागेवर आहेत. डावीकडे एल लावून, पाळी ओढून घातल्यावर ४० हर्ट्झ दोन्हीकडे सारखा येतोय. ‘कट्‌’ही थांबला.

‘स’ कमी झालाय, पण सोनेरी नोझलवर अजून आहे. आणि बोलताना डावीकडचं सील अजून सुटतं. फोमने ते टिकतं, पण जवारी पुन्हा मागे जाते.

खर्जषड्ज

मग आता टिपेच्या भोकाकडे बघा. रुंद भोकाच्या टिपेत वरचा भाग मोकळा येतो, अरुंद भोकात दबतो. सोनेरी नोझलवर अरुंद भोकाची सिलिकॉन टिप किंवा काळ्यावर रुंद भोकाची, या दोन जोड्या ऐका. माझी पसंती दुसरीला आहे: काळ्या नोझलची जाळी ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा टोकदारपणा आवरते आणि रुंद भोक जवारीला वाट देतं. मात्र टिपेची नळी नोझलवर घट्ट बसायला हवी. सैल असेल तर शेल बाहेर काढताना टिप कानातच राहते. तसं झालं तर पिन, चिमटा काही घालू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.

ऐकून ठरवताना दोन्ही नोझलचा आवाज सारखा ठेवा. जरा मोठा वाजणारा नेहमीच बरा वाटतो, आणि फसगत तिथेच होते.

एवढं झाल्यावर इक्वलायझर. वेव्हलेट या फोनवरच्या इक्वलायझर ॲपमध्ये ऑटोइक्यूची (मोजणीवरून इक्वलायझर आखणारा प्रकल्प) तयार प्रोफाइल मिळते, पण ती एका विशिष्ट नोझलवर आणि टिपवर कृत्रिम कानात घेतलेल्या मोजणीवरून बनते. तुमचं नोझल वेगळं असेल तर ती लागू पडत नाही. शिवाय ८ किलोहर्ट्झच्या वर प्रत्येकाचा कान वेगळा असल्यामुळे दुसऱ्याचा आलेख तिथे भरवशाचा नसतो. स्वतःचा उंचवटा स्वतः शोधा. साइन टोन हळू आवाजात ५ पासून १० किलोहर्ट्झपर्यंत सावकाश सरकवा. जिथे अचानक टोचतं तो आकडा लिहून ठेवा. पॉवरॲम्प इक्वलायझरमध्ये पॅरामेट्रिक मोड (हवा तो आकडा निवडून तेवढाच भाग कमी-जास्त करायची सोय) आहे, संगणकावर इक्वलायझर एपीओ. त्या आकड्यावर क्यू (पट्टा किती अरुंद ते) ४ ठेवून ३ ते ४ डेसिबल खाली घ्या, एवढंच. टिप बदलली की आकडाही बदलतो, पुन्हा शोधावा लागतो.

बास वाढवणार असाल तर जेवढा वाढवाल तेवढाच प्रीॲम्प (इक्वलायझरमधली एकूण पातळी) खाली घ्या. ४ डेसिबल वाढवलं तर प्रीॲम्प उणे ४. नाहीतर डग्ग्याच्या जोरकस ‘घे’वर आवाज फाटतो आणि दोष ड्रायव्हरला जातो.

कर्णमापक

मी ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) आहे, मापाच्या टिप्सबद्दल सांगते.

बोलताना सील सुटतं कारण कानाच्या नळीचा बाहेरचा, कूर्चेचा भाग जबड्याच्या सांध्याला लागून असतो. तोंड उघडलं की त्याचा आकार बदलतो, काहींचा जास्त, काहींचा कमी, आणि एकाच माणसाच्या दोन कानांतही फरक असतो. डावीकडे एल बसूनही सुटत असेल तर तुमचा डावा कान त्यातला असावा. अशा कानाला मापाची टिप खरोखर उपयोगी पडते, पण माप बरोबर घेतलं तरच.

श्रवणयंत्रं बसवणाऱ्या क्लिनिकमध्ये माप घेतात. त्यांना स्पष्ट सांगा की हे इन-इअरसाठी आहे, श्रवणयंत्रासाठी नाही, आणि दोन गोष्टी मागा. पहिली, नळीच्या दुसऱ्या वळणाच्या पुढेपर्यंतचं माप. दुसरी, तोंड उघडं ठेवून घेतलेलं माप, म्हणजे दातांमध्ये साधारण इंचभर उंचीचा ठोकळा धरायचा आणि सिलिकॉन घट्ट होईपर्यंत हलायचं नाही, गिळायचं नाही. तोंड मिटून घेतलेल्या मापाची टिप शांत बसल्यावर छान बसते आणि बोलायला लागलं की सुटते, म्हणजे तुमची तक्रार जिथल्या तिथे.

आधी ऑटोस्कोपने कान बघतात. मळ असेल तर तो काढून, एखाद-दोन दिवस कान शांत झाल्यावर माप घ्यावं. मग दोरा बांधलेला फोमचा छोटा बोळा आत ठेवतात, म्हणजे सिलिकॉन पडद्यापर्यंत जात नाही. तो ठेवताना काहींना खोकला येतो. तिथल्या त्वचेत व्हेगस चेतातंतूची शाखा आहे, म्हणून तसं होतं, घाबरू नये. माप निघाल्यावर पुन्हा ऑटोस्कोपने बघायला सांगा. पडद्याला छिद्र असेल, कान वाहत असेल किंवा कानाचं ऑपरेशन झालं असेल तर आधी तज्ज्ञांना विचारा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. घरी किट मागवून स्वतःच्या कानात सिलिकॉन ओतणं मात्र कृपया करू नका. बोळ्याच्या पुढे गेलेलं सिलिकॉन काढायला भूल द्यावी लागू शकते.

टिप बनवायला देताना तुमच्या नोझलचा बाहेरचा व्यास लिहून द्या, शक्य असेल तर शेलच पाठवा. मऊ सिलिकॉन मागा, कडक ॲक्रिलिक जबड्याबरोबर वाकत नाही. आणि आतलं भोक शक्य तितकं रुंद ठेवायला सांगा. लांब, अरुंद भोक तुमची जवारी पुन्हा झाकेल.

गंगापूररोडकर

काळं नोझल आणि रुंद भोकाची टिप या जोडीवर तानपुरा मोकळा झाला. माझा उंचवटा ७.४ किलोहर्ट्झला सापडला, तिथे ३ डेसिबल खाली घेतलं. डाव्या कानापुरतं माप देणार आहे, की दोन्ही द्यावीत? आणि कसारा घाट उतरताना सील घट्ट असलं की कानात दडे बसतात, त्याला काय करावं?

कर्णमापक

दोन्ही द्या. एका बाजूला साधी आणि दुसऱ्या बाजूला मापाची टिप लावली तर खोली वेगळी होते, उंचवटे वेगवेगळ्या जागी जातात आणि गायक एका बाजूला सरकतो.

घाटात गिळा किंवा जांभई द्या, कानाच्या आतला दाब त्याने मोकळा होतो. बाहेरच्या बाजूला अडकलेल्या हवेसाठी शेल जरासा सैल करून पुन्हा बसवा. सर्दी असेल त्या दिवशी घाट संपेपर्यंत काढून ठेवलेलेच बरे. आवाजाची पातळी घरी शांततेत ठरवा आणि गाडीत तीच ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे, आणि ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. सील चांगलं असेल तर गाडीतही वाढवायची गरज पडत नाही.

सातपूर_शिफ्ट

पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी टाका. नोझलची जाळी कोरड्या, मऊ ब्रशने, तोंड खाली धरून झाडा, म्हणजे मळ आत न जाता बाहेर पडतो. सिलिकॉन टिप्स काढून साबणाच्या कोमट पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा. ओल्या लावल्या तर पाणी जाळीत बसतं, आणि त्या बाजूचा आवाज बसल्यावर पुन्हा पिना अदलाबदल करत बसावं लागेल.