देवीच्या मागे लावण्यासाठी ‘माता नी पछेडी’: हातची कशी ओळखावी?

वडोदेकर:
नमस्कार. आमच्या आळीतील देवीच्या मंदिरात नवरात्रापूर्वी मूर्तीमागच्या भिंतीवर पछेडी, म्हणजे देवीचे चित्र रंगवलेले गुजराती सुती कापड, लावण्याचे ठरले आहे. अहमदाबादेत पाहिलेल्या दोन पछेड्यांची मांडणी सारखीच होती, मध्ये देवळात बसलेली देवी, वर सूर्य-चंद्र आणि भोवती भक्तांच्या ओळी. परंतु एकीची किंमत दुसरीच्या कित्येक पट होती आणि दोन्ही विक्रेते ‘हातचेच काम’ म्हणून सांगत होते. खरे कसे ओळखावे? समईच्या काजळीने मळल्यास ती धुता येते का?

कलमबहाद्दर:
कापड उलटून पाहावे. पारंपरिक पद्धतीत सुती कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवतात, गंजके लोखंड व गूळ आंबवून केलेल्या काळ्या रंगात चिंचोक्याची खळ मिसळून बांबूच्या कलमाने रेघा ओढतात आणि लाल हवे तेथे तुरटी भरतात. मग वाहत्या पाण्यात धुऊन कापड अलिझरीन या लाल रंगद्रव्याबरोबर उकळले, की लाल रंग तुरटीच्याच जागी चढतो. रंग धाग्यात मुरत असल्याने चित्र मागेही उमटते. स्क्रीनच्या छपाईत पाठ बहुधा फिकी राहते आणि बोटाला रंगाचा थर जाणवतो. आकृत्या हुबेहूब सारख्या दिसल्या तर छापील समजावे.

जुनी किनार:
शेवटचे विधान मला मान्य नाही. लाकडी ठसे या परंपरेतलेच असून किनारी व लहान आकृत्या ठशांनी उठवणे ही लबाडी नव्हे. मंदिरात प्रवेश नाकारला गेलेल्या वाघरी समाजाने अशाच कापडांच्या भिंती व वर चांदरवा (कापडी छत) लावून देवीचे ठाणे उभे केले, आणि आता तेच कापड पक्क्या मंदिराच्या भिंतीवर चढते आहे, हेही ध्यानात असावे. शिवाय घेण्यापूर्वी वाहन अवश्य पाहावे: कोंबडा असेल तर बहुचरा, मगर असेल तर खोडियार, काळा बोकड असेल तर मेलडी. आपली देवी कोणती, हे आपण लिहिलेले नाही. ते सांगून कारागिराकडूनच करवून घेतलेले बरे.

पेटीतले कापड:
धुऊ नये. तुरटीवरचा लाल पक्का असतो, पण हल्ली भरले जाणारे हिरवे-पिवळे रंग तसे असतीलच असे नाही. लोखंडाचा काळा रंग तर काळाच्या ओघात सुती धागा कुजवतो, म्हणून जुन्या पछेड्या आधी काळ्या रेघांवर विरतात. घडी न घालता नळीवर गुंडाळावी, वरच्या कडेला कापडी पट्टी शिवून त्यात काठी घालून टांगावी आणि समई हातभर पुढे ठेवावी. धूळ मऊ कुंचल्याने झटकली तरी पुरे.