वेबसाइट बदलली की लोक चिडतात. दोष कुणाचा?

चौकट (धागा)
वेबसाइटचं रूप बदललं की पहिल्या आठवड्यात ओरड होते, आणि बदलणाऱ्यांकडून एकच उत्तर येतं: 'लोकांना बदल नकोच असतो, होईल सवय.' या उत्तराने वेबसाइटचंही नुकसान होतं आणि मार्केटिंगचंही, असं माझं ठाम मत आहे.

रोजची वेबसाइट कुणी वाचत बसत नाही. खातं कुठे, शोध कुठे, पैसे भरायचं बटण कुठे, हे हाताला पाठ झालेलं असतं. त्यामागे माणसाचे कितीतरी तास गेलेले असतात. नवी रचना आली की ते सगळं एका रात्रीत वाया जातं आणि वर त्याला सांगितलं जातं की हे तुमच्याच सोयीसाठी केलंय. चिडेल नाही तर काय?

मार्क्स अँड स्पेन्सर या ब्रिटिश दुकानसाखळीने फेब्रुवारी २०१४ मध्ये सुमारे १५ कोटी पौंड खर्चून नवी वेबसाइट आणली. जुन्या ग्राहकांना पुन्हा नोंदणी करायला लावली. त्यानंतर जाहीर झालेल्या तिमाहीत ऑनलाइन विक्री ८.१ टक्क्यांनी घसरली. याला 'बदलाची भीती' म्हणायचं? वर्षानुवर्षं खरेदी करणाऱ्याला दारातच थांबवून नाव विचारलं, तर तो परत जाणारच.

निळीरेघ
असहमत. ओरड हा पुरावा होऊ शकत नाही. सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने न्यूज फीड (मित्रांच्या हालचाली आपोआप दाखवणारी यादी) आणलं तेव्हा विरोधासाठी तिथेच गट निघाले आणि लाखो लोक त्यांत सामील झाले. त्या वेळी फीड काढून टाकलं असतं तर? आज त्याशिवाय फेसबुकची कल्पनाही करता येत नाही. मे २०१६ मध्ये इन्स्टाग्रामने कॅमेऱ्याचं जुनं चिन्ह बदललं तेव्हाही केवढा संताप! कालांतराने तो विषय कुणी काढेनासं झालं.

आणि एक गोष्ट तुमच्या मांडणीत पूर्ण सुटली आहे. तक्रार करतात ते जुने ग्राहक. जो नवा माणूस पहिल्यांदा आला, गोंधळात टाकणारा जुना मेन्यू पाहून निघून गेला, त्याची तक्रार कुठेच नोंदली जात नाही. जुन्यांचं मन राखायला रचना तशीच ठेवली तर त्याची किंमत हे न दिसणारे लोक मोजतात.

चौकट
@निळीरेघ, नव्या माणसाचा मुद्दा मान्य. पण न्यूज फीडचं उदाहरण अर्धंच सांगितलंत. त्या विरोधानंतर झुकरबर्गने जाहीर माफी मागितली आणि कुणाला काय दिसावं यावर लोकांना जास्त नियंत्रण दिलं. फीड राहिलं, पण लोकांच्या रागात तथ्य होतं म्हणून ते सुधारून राहिलं. 'होईल सवय' म्हणून गप्प बसले असते तर ही सुधारणा झाली नसती.

आणि सवय होईलच याची खात्री कोण देणार? स्नॅपचॅटची २०१८ ची नवी रचना आठवा. जुनं रूप परत द्या म्हणून १२ लाखांहून जास्त सह्या झाल्या. त्या वर्षीच्या दुसऱ्या तिमाहीत रोजचे वापरकर्ते १९.१ कोटींवरून १८.८ कोटींवर आले. आकडाही ओरडीच्याच बाजूने बोलला.

सांजवेळ
मी मार्केटिंगमध्ये काम करते, तिथून लिहिते. आमच्याकडे सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट ही की ग्राहक मिळणारा फायदा आणि जाणारी सोय एकाच काट्याने मोजत नाही. मार्केटिंगचे प्राध्यापक जॉन गुरव्हिल यांनी २००६ मध्ये मांडलेला हिशोब मला अजून पटतो: हातात असलेल्या वस्तूची किंमत ग्राहक साधारण तिप्पट धरतो, आणि नवी वस्तू बनवणारा तिचे फायदे तिप्पट फुगवून पाहतो. म्हणजे दोघांत नऊपटीचं अंतर. आमच्या जाहिराती 'नवीन, वेगवान, सुंदर' म्हणत राहतात. ग्राहकाला मात्र एवढंच हवं असतं की माझ्या जुन्या ऑर्डरी कुठे गेल्या, जमवलेली यादी टिकली का, पासवर्ड तोच चालेल का. बदलाच्या ई-मेलमध्ये पहिल्या ओळीत हे असायला हवं. बहुतेक वेळा ते कुठेच नसतं.

ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाच्या ब्रँडचं २००९ चं पाकीट मला इथे महत्त्वाचं वाटतं. नळी खोचलेलं संत्रं काढून रसाचा पेला आणला आणि दोनेक महिन्यांत विक्री सुमारे २० टक्क्यांनी पडली. शेवटी जुनं पाकीट परत आणलं. यावर बहुतेकांनी लावलेला अर्थ असा की फळीवर नेहमीचा रस अनेकांना ओळखूच आला नाही. तक्रारीही झाल्या, पण मुळात ओळखच हरवली होती. वेबसाइटवर तेच होतं: रंग आणि खूण दोन्ही एकदम बदललं की आपण योग्य ठिकाणी आलो की नाही, इथपासून शंका.

रोखठोक
सगळे बदलाच्या विरोधाला अडचण समजून बोलत आहात. माझा आक्षेप वेगळा आहे. याच स्वभावावर कंपन्या पैसे कमावतात!

आहे तसंच राहू द्यायची माणसाची ओढ सॅम्युएलसन आणि झेकहाउझर या अर्थतज्ज्ञांनी १९८८ मध्ये प्रयोगांनी दाखवली. तिचा वापर कुठे होतो बघा: आपोआप नूतनीकरण होणारी वर्गणी, एका क्लिकवर सुरू आणि सात पानं फिरल्यावर बंद होणारी सेवा, आधीच टिक करून ठेवलेली चौकोनं. युरोपीय न्यायालयाला १ ऑक्टोबर २०१९ च्या निकालात सांगावं लागलं की आधीच टिक केलेलं चौकोन म्हणजे कुकीजना (वेबसाइट आपल्या ब्राउझरमध्ये ठेवते त्या माहितीच्या फाइलींना) दिलेली संमती नव्हे. ग्राहक हलत नाही हे ज्यांना फायद्याचं असतं, तेच स्वतःची नवी रचना खपवताना 'लोक हट्टी आहेत' म्हणतात. हा दुटप्पीपणा मला सहन होत नाही.

निळीरेघ
@रोखठोक, फसव्या रचनांबद्दल पूर्ण सहमत. पण त्यासाठी सगळ्या डिझाइनरांना एकाच माळेत ओवू नका. मी स्वतः डिझाइन करतो. माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा विरोध वापरणाऱ्यांकडून येतच नाही, तो बैठकीत येतो. होमपेजवर प्रत्येक विभागाला आपली जागा हवी असते, आणि मिळालेली जागा कुणी सोडत नाही. वापरणाऱ्याला कोणता भाग कधीच लागत नाही हे नोंदींवरून दाखवलं तरी 'पण ते आधीपासून आहे' हे उत्तर. यात नवा ग्राहक भरडला जातो.

अक्षरवाट
मी स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर) वेबसाइट वापरतो, माऊस नाही. मला दोन्ही बाजूंना सांगायचंय. पान शीर्षकांच्या क्रमाने लक्षात राहतं: तिसऱ्या शीर्षकाखाली अमुक, मग चार वेळा टॅब. क्रम बदलला की डोळस माणूस पाच मिनिटं वैतागतो, माझी अर्धी संध्याकाळ जाते. त्यामुळे 'छोटासा बदल' हे शब्द मला घाबरवतात.

तरीही जुनं आहे तसं ठेवा असं मी कधीच म्हणणार नाही. कित्येक जुन्या वेबसाइटवर बटणांना नावच नसतं, मला नुसतं 'बटण, बटण, बटण' ऐकू येतं. बदल हवाच आहे. फक्त तो आणण्याआधी माझ्यासारख्या कुणाला तरी वापरायला द्या.

चौकट
@अक्षरवाट, हे माझ्या डोक्यात नव्हतं, आभार.

@निळीरेघ, हळूहळू केलेल्या बदलाचं उदाहरण देतो. विकिपीडियाने २०१० पासूनचं रूप बदलायला घेतलं तेव्हा आधी काही भाषांच्या आवृत्त्यांवर वापरून पाहिलं, एकेक भाग बदलला, आणि जानेवारी २०२३ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर ते सर्वांसाठी लावलं. मजकुराची रुंदी कमी झाली म्हणून तिथेही तक्रारी झाल्या, पण पूर्ण रुंदीचं बटण मिळालं आणि खातं असलेल्यांना जुनं रूप निवडता येतं. हे सगळ्यांना का जमू नये?

निळीरेघ
कारण दोन रूपं सांभाळायला दुप्पट चाचण्या लागतात, आणि लहान गटाला ते पेलत नाही. जुन्या रूपात सुरक्षेची त्रुटी निघाली तर तीही दुरुस्त करायची. शिवाय जुनं रूप उपलब्ध असलं की ते सोडायला कुणी तयार होत नाही, हे वर @रोखठोक यांनीच सांगितलंय.

माझा मार्ग असा: जुने आणि नवे ग्राहक चाचणीत वेगळे मोजा. जुन्यांचा आकडा सुरुवातीला पडतोच, कारण ते शोधण्यात वेळ घालवतात. नव्यांना मोडायला सवयच नसते, त्यामुळे रचना खरोखर वाईट असेल तर ते तिथे लगेच दिसतं. नव्यांचाही आकडा पडला तर बदल मागे घ्या. फक्त जुन्यांचा पडला तर थांबा आणि पाहा.

सांजवेळ
मोजणी पटली, 'थांबा आणि पाहा' नाही. थांबायच्या काळात जुना ग्राहक दुसरीकडे खातं उघडतो, आणि मग तिथलं त्याच्या हाताला पाठ होतं. त्याला परत आणायचा खर्च माझ्या खात्यात पडतो, डिझाइनच्या नाही. जुनं रूप ठराविक मुदतीपर्यंत ठेवा, मुदत पहिल्याच दिवशी जाहीर करा, आणि तोवर लोक कोणत्या कामासाठी जुन्याकडे परत गेले ते नोंदवा. ती कामं नव्या रूपात नीट होईपर्यंत मुदत वाढवायची.

निळीरेघ
मुदत मान्य. वाढवणं नाही. एकदा वाढवली की ती कधीच संपत नाही.

अक्षरवाट
आणि ती कामं नोंदवताना की-बोर्डवरून केलेली वेगळी नोंदवा. आमची संख्या कमी असते, सरासरीत आम्ही दिसत नाही.