मदत हवी आहे: गिटारच्या टॉपच्या ब्रेस कुठून आणि किती तासू?

खुंटीपिळ्या
टॉप, म्हणजे गिटारची पुढची फळी, तयार आहे. तिला आतून ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या, म्हणजे ब्रेस, फुलीच्या आकारात (एक्स ब्रेसिंग) चिकटवून वाळल्यात. पेराने ठोकलं तर नुसतं "टक्". घुमत म्हणून नाही. व्हिडिओ पाहून डोकं फिरलंय, एक म्हणतो स्कॅलप कर (ब्रेस मधे खोलगट तास), दुसरा म्हणतो हातही लावू नकोस. मला फक्त एवढं सांगा, कुठून किती मिमी काढू? बॉक्स लवकर बंद करायचा आहे. तत्त्वज्ञान नको, आकडे द्या.

सुतारपक्षी
आकडे द्यायला आधी तुमचे आकडे लागतात. लाकूड कोणतं? टॉपची जाडी? ब्रेसची उंची-रुंदी? तारा स्टीलच्या की नायलॉनच्या? टॉप सुटा आहे की बाजूंना चिकटवलाय?

झणकार
आधी तारा बदलून बघा. जुन्या तारांनी आवाज हमखास बसतो. माझ्या गिटारला फॉस्फर ब्राँझ लावल्या आणि फरक लगेच कळला.

खुंटीपिळ्या
@झणकार, अहो तारा कुठल्या? अजून मानही बसवलेली नाही!
@सुतारपक्षी, एक्स ब्रेसिंग म्हटल्यावर स्टीलच असणार ना. सिटका स्प्रूस, 3 मिमी. टॉप सुटाच आहे.

पोथीनिष्ठ
"एक्स म्हणजे स्टीलच" हे काही खरं नाही. मार्टिन या अमेरिकन कंपनीच्या गिटारींत 1840 च्या दशकात एक्स आलं तेव्हा तारा तातीच्या (आतड्याच्या) होत्या. स्टीलचा जमाना बऱ्याच नंतरचा.

खरजवेडा
इतिहास राहू द्या. सरळ स्कॅलप करा. एक्सच्या खालच्या दोन्ही पायांना आणि टोन बारना (एक्सच्या खालच्या तिरक्या पट्ट्यांना) मधे खोलगट उतार द्या, टोकाकडे पुन्हा थोडा उंचवटा ठेवा. खरज असा फुलतो की बस! स्कॅलप नसलेली गिटार म्हणजे नुसतं खोकं.

सुतारपक्षी
@खरजवेडा, ब्रेसची उंची न विचारताच पटाशी हातात दिलीत? मार्टिननेच 1944 च्या सुमारास स्कॅलप बंद केला, कारण लोक जाड तारा चढवायला लागले आणि टॉप फुगायला लागले.

खरजवेडा
आणि 1976 मध्ये एचडी-28 हे मॉडेल काढून परत आणला, ते का नाही सांगत? लोकांना तोच आवाज हवा होता.

सुतारपक्षी
आणला, पण मोजून मापून. बाराच्या सेटचा (सगळ्यात बारीक तार 0.012 इंच) ताणसुद्धा 70 किलोच्या वर जातो. तो ब्रिजवर (टॉपवर जिथे तारा अडकतात तिथे) येतो, तुमच्या उत्साहावर नाही.

फक्तवाचक
माझ्यामते सगळा आवाज मागच्या आणि बाजूच्या लाकडात असतो. रोजवूड घ्या, ब्रेसचं टेन्शन घेऊ नका.

पोथीनिष्ठ
टोरेस या स्पॅनिश गिटार कारागिराने 1862 मध्ये मागचा भाग आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या करून गिटार बनवली होती, टॉप किती महत्त्वाचा हेच दाखवायला. ती बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. (अवांतर: त्याच्या पंख्यासारख्या ब्रेसिंगवर वेगळा धागा काढू का?)

खुंटीपिळ्या
काढा, पण माझं उत्तर दिल्यावर. ब्रेस 19 मिमी उंच, 8 रुंद. पट्टी जशी होती तशी चिकटवली, टोकं फक्त तिरकी कापलीत. टोन बार 13 मिमी.

सुतारपक्षी
आता कसं! तुमच्या ब्रेस अजून घडवलेल्याच नाहीत, मग घुमणार काय?

एक हिशेब डोक्यात ठेवा. रुंदी निम्मी केली तर ताठरपणा निम्मा होतो, उंची निम्मी केली तर आठवा हिस्सा उरतो. वजन मात्र दोन्हींत सारखंच घटतं. म्हणून वजन कमी करायचं तर खांदे (पट्टीच्या वरच्या दोन्ही कडा) उतरवा, चौकोनी छेद वर निमुळता करा. उंचीला हात सगळ्यात शेवटी. 19 चे 17 केलेत तर ताठरपणा अठ्ठावीस टक्क्यांनी गेला. (सुट्या पट्टीचा हिशेब आहे, टॉपला चिकटल्यावर आकडा थोडा हलतो, कल तोच.)

क्रम असा: आधी सगळे खांदे. मग कडेकडची टोकं लांब उतार देत 2-3 मिमीपर्यंत आणा, म्हणजे टॉपचा काठ मोकळा हलेल. मग टोन बार थोडे थोडे. एक्सच्या फुलीजवळ आणि साउंडहोलच्या (टॉपमधल्या गोल भोकाच्या) वरच्या आडव्या ब्रेसला हात नको, तिथे मानेचा दाब येतो. टॉपची जाडीही एवढ्यात कमी करू नका, एका वेळी एकच गोष्ट बदला म्हणजे कशाने काय झालं ते कळेल.

भुसाशास्त्री
ठोकण्यावर विसंबू नका. स्पीकरवर टॉप आडवा धरा, वर लाकडाचा बारीक भुसा भुरभुरा, सूर हळूहळू चढवत न्या. भुसा जिथे गोळा होतो ती रेष हलत नाही. आकृती एकीकडे कलली तर त्या बाजूची ब्रेस ताठ आहे का ते तपासायचं.

खरजवेडा
वजन ठेवून टॉप किती दबतो ते मोजणं जास्त खात्रीचं. भुसा फोटो काढायला छान.

मंद्रसप्तक
एक विचारू? खुंटीपिळ्या, टॉप धरता कसा?

खुंटीपिळ्या
धरायचा कशाला? टेबलावर ठेवून ठोकतोय.

मंद्रसप्तक
😐 टेबलावर ताटसुद्धा वाजत नाही. वरच्या भागात काठाजवळ दोन बोटांच्या चिमटीत लटकवा, कानाजवळ आणा आणि ब्रिज जिथे बसणार तिथे पेराने हलकेच ठोका. चिमटीची जागा सरकवत बघा, एखाद्या ठिकाणी आवाज एकदम मोकळा होतो. आणि सुट्या टॉपचा सूर बॉक्स बंद झाल्यावर बदलतोच, कारण काठ बांधला जातो. म्हणून थोडं लाकूड राखून ठेवा. ते पुढे तारा चढवून, साउंडहोलमधून हात घालून काढता येतं. काढलेलं परत लावता येत नाही.

खुंटीपिळ्या
लटकवल्यावर थोडं घुमतंय. खांदे उतरवायला घेतलेत, एका पायाचं काम झालंसुद्धा. पण पटाशी मधेच लाकडाच्या रेषेत खोल घुसते, पट्टीचा लहानसा कपचा उडाला. काय करू? लवकर सांगा.

झणकार
कोटेड तारा घेतल्यात तर जास्त टिकतात, हे मघाशी राहिलं.

सुतारपक्षी
पटाशी थांबवा. रेषा कुठल्या दिशेला चढतात ते बाजूने बघून उलट्या टोकाकडून सुरू करा. बोटाएवढा छोटा रंधा आहे का? आणि कपचा उंचीतून उडाला की खांद्यातून? फुलीपासून किती लांब?

खुंटीपिळ्या
उडाला कुठूनतरी मधूनच. रंधा आहे, मोठा.