मदत हवी आहे: पिकअपला कोन फिल्टर बसवला, आता घाटात काळा धूर. जुना डबा परत लावू का?

नमस्कार मंडळी. एरवी मी नुसता वाचत असतो, आज मात्र अडलंय म्हणून लिहितोय.

गाडी डिझेल पिकअप, अडीच लिटरचं कॉमन रेल इंजिन, टर्बो-इंटरकूलर (हवा दाबून, थंड करून इंजिनात ढकलणारी जोडी), २०१८ चं बीएस-४ मॉडेल. १ लाख ६८ हजार किलोमीटर झालेत. आटपाडीहून डाळिंब भरून पुण्याला मार्केट यार्ड, येताना मिळेल ते भाडं. रस्ता दिघंची, म्हसवड, दहिवडी, फलटण, सासवड. जाताना दोन्ही घाट उताराला येतात, खरी परीक्षा येताना. आधी दिवे घाट, मग मोगराळे. आणि बागेपासून डांबरीपर्यंत पावणेदोन किलोमीटर मुरमाचा रस्ता आहे. मार्च लागला की त्यात घोटाभर फुफाटा असतो.

दिवाळीपासून गाडी चढाला दमायला लागली. पूर्वी दिवे घाट तिसऱ्यात ओढायची, आता निम्म्यातच दुसरा टाकावा लागतो. डिझेल फिल्टर बदलला, टाकी धुतली, काही फरक नाही. मग मेहुणे म्हणाले, "इंजिनाला श्वासच मिळत नाही, तो कागदी फिल्टरचा डबा काढून टाका." त्यांच्या ओळखीच्या दुकानातून ४,२०० रुपयांचा तेल लावलेला, शंकूच्या आकाराचा कोन फिल्टर आणला. डबा, त्याची फेंडरमधून येणारी नळी, सगळं काढलं आणि कोन बॅटरीच्या बाजूला उघडाच बसवला.

पहिले दोन दिवस मी खूश. अॅक्सिलरेटर दाबला की टर्बोची मस्त शिट्टी ऐकू यायची, त्यामुळे गाडी जोरात पळतेय असं वाटायचं. तिसऱ्या खेपेला सिमेंटच्या २४ गोण्या होत्या. दिवे घाटात तोच दुसरा गिअर, आणि मागे असा काळा धूर की मागच्या स्कूटरवरच्या बाई पदर तोंडाला लावून माझ्याकडे बघत पुढे गेल्या. लाज वाटली राव.

काल अकराव्या दिवशी फिल्टर आणि टर्बोच्या मधला पाइप काढला. आत बनियनचा पांढरा फडका फिरवला तर तांबूस निघाला. चिमटीत चोळलं तर कचकच लागली. म्हणजे फिल्टर पार करून माती आत चाललीय ना?

आता काय करू? कोनवर कापडी मोजा चढवतात म्हणे, तो घालू, की जुना डबा परत लावू? डबा लावला तर ताकदीचं काय? स्नॉर्कलचा (टपाच्या उंचीवरून हवा ओढणारी नळी) काही उपयोग होतो का? पैसे घालायची तयारी आहे, पण हंगाम चालू आहे, गाडी आठ दिवस उभी ठेवणं परवडणार नाही.

स्टेपनी:
दादा, आधी कोन काढा. हा प्रतिसाद पूर्ण वाचायच्या आधी काढलात तरी चालेल.

तुमचे मेहुणे सांगताहेत ते पेट्रोल गाडीच्या हिशेबाचं आहे. पेट्रोलला हवा वाढली की त्या प्रमाणात पेट्रोल वाढतं. डिझेलमध्ये हवा आधीच गरजेपेक्षा जास्त आत जात असते, ताकद ठरते ती ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, किती डिझेल सोडतो त्यावर. हवेची वाट मोकळी केली म्हणून डिझेल वाढत नाही. फिल्टर खरोखरच चोंदलेला असेल तर तो बदलून फरक पडेल, पण चांगल्या कागदी फिल्टरच्या जागी कोन लावून चढाला काही हाती लागत नाही. शिट्टी ऐकू येते कारण ती दाबणारा डबाच तुम्ही काढलात.

उलट बॅटरीजवळ उघडा कोन म्हणजे बॉनेटखालची गरम हवा. बाहेर ४० अंश आणि आत ७० धरले तर तेवढ्याच हवेत ऑक्सिजन सुमारे नऊ टक्के कमी. इंटरकूलर त्यातलं थोडं भरून काढतो, पण मुळात तोटा कशाला घ्यायचा?

आणि मातीचा हिशेब बघा. एक लिटर डिझेल जाळायला कमीत कमी १२ किलो हवा लागते, म्हणजे सुमारे दहा हजार लिटर. प्रत्यक्षात त्याहून जास्तच. एका खेपेला तुमचं डिझेल किती जातं ते तुम्हाला माहीत आहे, गुणाकार करा. एवढी हवा तुमच्या फुफाट्यातून ओढली जातेय. त्या मातीतली बारीक वाळू आधी टर्बोची पाती खाते, मग इंजिनाचे लायनर आणि पिस्टनच्या रिंगा. कापडी मोज्याने मोठा कचरा थोडाफार अडेल, घात करणारी बारीक धूळ नाही.

चिखलप्रेमी:
स्नॉर्कल लावा बिनधास्त, मी माझ्या फोर बाय फोरला लावलाय. सोबत रीमॅप (ईसीयूची सेटिंग बदलून डिझेल वाढवणं) करून घ्या, मग बघा गाडी कशी उठते.

स्टेपनी:
@चिखलप्रेमी, तुमची हौसेची गाडी आहे, यांची पोटापाण्याची. पिवळी नंबरप्लेट, फिटनेसला आरटीओत उभी राहायची आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम (कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई), त्यावर जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. विमावाल्यांना क्लेम नाकारायला निमित्त मिळतं ते वेगळंच. रीमॅप तर नकोच. आधीच धूर आहे, त्यात आणखी डिझेल ओतणार?

स्नॉर्कलचा फायदा मात्र खरा आहे, तो ताकदीचा नाही, धुळीचा. फेंडरमधली नळी आपल्याच पुढच्या चाकाने उडवलेली माती ओढते. टपाच्या उंचीवर ती खूप कमी असते. धुळीत लोक त्याचं तोंड मागे फिरवतात ते त्यासाठीच. पण एक जरी जोड सैल राहिला तर सगळा खर्च वाया.

जुना डेपो:
एस.टी.च्या वर्कशॉपात तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. धागाकर्त्याने एक गोष्ट सांगितली तिकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. गाडी कोन लावायच्या *आधीपासून* दमत होती. म्हणजे दुखणं दुसरंच आहे, कोनाने फक्त त्यात भर घातली.

काळा धूर आणि ताकद नाही, हे टर्बो गाडीत एकत्र आलं की मी आधी टर्बोच्या *पुढचे* पाइप बघतो. टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते इंजिन. हवा मोजणारा सेन्सर फिल्टरपाशी असतो. तो म्हणतो एवढी हवा आली, ईसीयू तेवढ्या हवेत जळेल अशा मर्यादेत डिझेल सोडतो. मधे पाइप फाटलेला असेल तर दाबलेली हवा बाहेर फुर्र होते, डिझेल मात्र पूर्ण पडतं. मग धूर नाही निघणार तर काय?

रबरी पाइपांची खालची बाजू बघा, जिथे हात जात नाही तिथे. तेलकट, मातीने माखलेला डाग दिसला तर तिथेच चीर आहे. उभ्या गाडीत ती मिटलेली असते, दिसत नाही. एकाला रेस द्यायला बसवा, साबणाचं पाणी मारा आणि लांबून बघा. पंख्यापासून हात आणि गमछा दूर ठेवा.

कोन फिल्टर तेल लावलेला होता ना? मग सेन्सरच्या पातळ तारेवर तेल आणि धूळ बसली असणार. सेन्सरसाठीचाच स्प्रे मिळतो, त्यानेच धुवा. कार्बोरेटरचा स्प्रे नको, काडी-कापूस तर अजिबात नको.

टर्बोच्या तोंडातून पात्यांच्या कडा बघा. धारदार आहेत की झिजून गोल झाल्यात? मधलं नट धरून हलवा. आडवा किंचित खेळ असतो, तो चालतो. पुढे-मागे हलता कामा नये. आयडलला ऑइल भरायचं झाकण सैल करून ठेवा. झाकण नाचायला लागलं, धूर ढकलायला लागलं तर माती रिंगांपर्यंत पोचली समजा, मग हाफ इंजिनाचा (लायनर-रिंगा बदलायचा) खर्च धरून चाला.

जुना कागदी फिल्टर परत घालणार असाल तर अंधारात त्याच्या आत मोबाइलचा टॉर्च धरा. कुठे टाचणीएवढाही थेट उजेड दिसला तर फेकून द्या. पंक्चरवाल्याकडे फुल प्रेशरने हवा मारून घेता की नाही, खरं सांगा?

धागाकर्ता:
खरं सांगतो, दर पंधरा दिवसांनी मारतो. तेही बाहेरून आत. 🙏

चार दिवसांनी लिहितोय, खेप होती. डेपोकाका, तुमचे पाय कुठे आहेत ते सांगा. मिस्त्रींनी रेस दिली, मी खाली वाकून टॉर्च धरला. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा पाइप बेडकाच्या गळ्यासारखा फुगला आणि पोटाशी अडीच इंचांची चीर उघडली. साबणाचा फेस थेट माझ्या चष्म्यावर. रेस सोडली की चीर पुन्हा गायब. गेल्या चार महिन्यांत मी याच पाइपवरून दोनदा कापड फिरवलं असेल, वरच्या बाजूने.

नवा पाइप आणि दोन क्लिपा टाकल्या. जुना डबा त्याच्या फेंडरच्या नळीसकट परत लावला, आत नवा कागदी फिल्टर. जुन्यात टॉर्च धरला होता, तीन ठिकाणी चांदण्या दिसल्या. सेन्सर धुतला. टर्बोच्या कडा धारदार आहेत, नट पुढे-मागे हलत नाही. झाकण किंचित थरथरतं पण नाचत नाही. मिस्त्री म्हणाले वाचलात.

परवा येताना पशुखाद्याच्या २२ गोण्या होत्या. खाली मस्तानी तलाव दिसायला लागतो तिथपर्यंत तिसऱ्यात आली आणि तिथून वरही तिसऱ्यातच. धूर फक्त गिअर बदलताना, पूर्वीसारखा.

आता प्रश्न उरला धुळीचा. मुरमाचा रस्ता तर रोजचाच. स्नॉर्कल नको असं ठरवलं. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर नळी आणि वर वाडगा असतो, ज्यात हवा गरगर फिरून माती बाजूला पडते, तसं पिकअपला बसवता येईल का?

जुना डेपो:
तो वाडगा कामाचा आहे, पण तुमच्या इंजिनाला लागणारी हवा त्यातून जायला हवी. ३,००० आरपीएमला अडीच लिटरचं इंजिन टर्बोशिवायही मिनिटाला पावणेचार हजार लिटरच्या आसपास ओढेल, टर्बोने त्याहून बरंच जास्त. लहान ट्रॅक्टरचा वाडगा लावलात तर घाटात पुन्हा गळा आवळला जाईल. शिवाय तो बॉनेटबाहेर काढायचा म्हणजे परत बदलाचाच प्रश्न.

स्वस्तातला उपाय करा. डब्याच्या आणि टर्बोच्या मधल्या पाइपवर बसणारा, फिल्टर किती चोंदलाय ते दाखवणारा छोटा इंडिकेटर मिळतो, ट्रकांना असतो तोच. बहुतेक डिझेलना २५ इंच पाण्याच्या ओढीला (ओढ मोजायचं हे माप) तो लाल होतो. लाल झाला की फिल्टर बदला, तोवर डबा उघडूच नका. दर वेळी उघडला की थोडी माती स्वच्छ बाजूला पडतेच. हवा मारायचीच वेळ आली तर आतून बाहेर, आणि दोन बारच्या खाली.

डब्याच्या तळाला रबरी चोच आहे का बघा, धूळ झटकायची. बऱ्याच गाड्यांत ती गळून पडलेली असते आणि तिथून विनाफिल्टर... नाही, तुमच्या डब्यात ती फिल्टरच्या अलीकडे असेल तर माती इंजिनात जाणार नाही, पण फिल्टर फार लवकर भरेल.

धागाकर्ता:
आत्ताच टॉर्च घेऊन बघून आलो. चोचीची जागा आहे, चोच नाही. तिथे कुणीतरी बाटलीचं बूच ठोकलंय. व्यास अंदाजे एक इंच भरतोय. ट्रॅक्टरच्या पार्टवाल्याकडे मिळणारी बसेल का, की याच गाडीची मागवू?