मदत हवी आहे: बहीण ४०० मीटर पळते, झोप जेमतेम साडेचार तास, टायमिंग घसरतंय

कळवेकर_दादा:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज स्वतःच धागा काढतोय कारण घरात रोज यावर बोलणं होतं आणि सुटत काही नाही.

माझी धाकटी बहीण, १९ पूर्ण, एसवायला आहे, ४०० मीटर पळते. गेल्या सीझनला ६१.८ सेकंद होतं, आता दोन महिने झाले ६३ च्या खाली येत नाही. पहिले ३०० बरे जातात, शेवटच्या शंभराला पाय उचलतच नाहीत म्हणते. त्यात नडगी दुखतेय. एक्सरे काढला, फ्रॅक्चर नाही, शिन स्प्लिंट म्हणजे जास्त पळून नडगीच्या हाडालगत येणारं दुखणं आहे, बर्फ लावा आणि विश्रांती घ्या असं डॉक्टर म्हणाले. ती विश्रांती आणायची कुठून हेच विचारायला आलोय.

तिचा दिवस सांगतो. ४.४० ला उठते, कळव्याहून ट्रेन पकडून साडेपाचला दादोजी कोंडदेवला प्रॅक्टिस, तिथूनच आठला कॉलेज, दोनला घरी, पाचला परत जिम, सातला घरी, मग अभ्यास. आमचं घर वन रूम किचन, टीव्ही हॉलमध्ये आणि तिचं अंथरूणही हॉलमध्येच, आईबाबांच्या सिरियल संपून अंथरूण पडेपर्यंत अकरा वाजतात, मग ती अर्धा तास मोबाईल बघते आणि कशीबशी झोपते तोवर मी येतो. माझी ऐरोलीला सेकंड शिफ्ट, कंपनीची कॅब दीडला सोडते, मी लाइट लावतो, जेवण गरम करतो, भांडी वाजतात, ती उठतेच. "आलास का रे दादा" म्हणून परत डोळे मिटते, पण नंतर कितीतरी वेळ कूस बदलत असते. दीड वर्ष हे असंच चाललंय आणि माझ्या लक्षातच आलं नाही.

परवा सुट्टी होती म्हणून तिच्याबरोबर गेलो. पायरीवर बसून स्पाइक्स घालत होती, एका बुटाची नाडी बांधून झाली आणि दुसरी नाडी हातात तशीच धरून बसल्या बसल्या झोपली. मी हाक मारली नाही. सरांची शिट्टी वाजली तशी दचकून उठली, नाडी बांधली आणि वॉर्मअपला पळाली. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये.

तीन आठवड्यांवर मरीन लाइन्सला पॅव्हेलियनवर मीट म्हणजे स्पर्धा आहे. रविवारी दहापर्यंत झोपते, त्यानं आठवड्याची झोप भरून निघते का? दुपारी झोपावं तर किती? मैत्रिणीनं झोप यायला मेलाटोनिनच्या गोळ्या दिल्यात त्या घ्याव्यात का? आणि सरांशी कसं बोलायचं, ते म्हणतात या वयात झोप कसली लागते.

नेरुळची_आई:
आधी एक सांगते, स्वतःला दोष देऊ नका, रात्री दीडला दमून आलेल्या माणसाला भूक लागणारच. माझा मुलगा पोहतो, आमच्याकडेही हेच होतं. आम्ही घरात नऊनंतर टीव्ही बंद केला, सुरुवातीला सासूबाई रुसल्या, आता त्या त्यांची सिरियल दुपारी रिपीटला बघतात. तुमच्या आईबाबांना वाटत असेल की एवढ्या आवाजातही पोर झोपते, मग त्रास कसला. त्यांना ती नाडीची गोष्ट सांगितलीत का? सांगा.

वाशी_फिजिओ:
दादा, सविस्तर लिहिते, कारण यात दोन-तीन गोष्टी मिसळल्या आहेत.

आपली सगळ्यात गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात येते आणि ग्रोथ हार्मोनचा मोठा डोस शरीर त्याच वेळी सोडतं, स्नायूंची डागडुजी तेव्हा जोरात चालते. ती झोपते साडेअकराला आणि तुम्ही येता दीडला, म्हणजे नेमका तोच भाग मोडतोय. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते, ती अलार्म कापतो. दोन्ही टोकं गेली. वरून १८-१९ च्या वयात शरीराचं घड्याळच थोडं उशिरा चालतं, झोप उशिरा येते, हा आळशीपणा नाही.

२०११ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या कॉलेज टीममधल्या ११ बास्केटबॉल खेळाडूंना पाच ते सात आठवडे रोज किमान दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं होतं. २८२ फुटांची स्प्रिंट १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली, फ्री थ्रो ९ टक्क्यांनी सुधारले. खेळाडू थोडे होते आणि तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे तुमच्या बहिणीचंही एवढंच कमी होईल असं धरू नका, पण दिशा कळते. शाळकरी खेळाडूंवरचा २०१४ चा एक अभ्यास आहे, त्यात आठ तासांहून कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट निघाली होती. सरांना हा दुसरा दाखवा, दुखापतीचं म्हटलं की कोच ऐकतात.

आता नडगी. बोटानं दाबल्यावर एकाच ठिकाणी जीव जातो का? रात्री पडल्यावरही ठणकते का? तसं असेल तर पळणं थांबवून लगेच परत दाखवा, कारण स्ट्रेस फ्रॅक्चर सुरुवातीच्या एक्सरेत बरेचदा दिसत नाही, एमआरआय लागतो. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. पाळी नियमित येते का हे आईला विचारायला सांगा, पळणाऱ्या मुलींचं खाणं कमी पडलं की पाळी चुकते आणि हाडं कमजोर होतात. सगळं झोपेवर ढकलू नका.

खाडीपलीकडचा:
मी दहा वर्षं कबड्डी खेळलो, आता कोपरखैरण्यात पोरांना शिकवतो. रविवारी दहापर्यंत झोपवू नका. थकवा थोडा जातो पण रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवारी सकाळी पोरगी अर्धमेली. फार तर तास-दीड तास जास्त. दुपारी जेवून अडीचला आडवं व्हायचं, अलार्म २५ मिनिटांचा. तासाभरानं उठवलंत तर डोकं जड होतं, चारनंतर झोपली तर रात्रीची झोप जाते. संध्याकाळी जिमहून आल्यावर चहा घेते का? कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, सातच्या चहातलं निम्मं बारालाही अंगात असतं.

मेलाटोनिनबद्दल, वाडाच्या (WADA, खेळातलं डोपिंग रोखणारी जागतिक संस्था) बंदी यादीत ते नाही. पण मैत्रिणीनं दिलेली गोळी, डबीवर काय लिहिलंय आणि आत काय आहे कोण सांगणार, आणि टेस्टमध्ये काही निघालं तर जबाबदारी खेळाडूचीच. नको. तिला झोप येत नाही असं नाहीच, तिला झोपू दिलं जात नाहीये.

सरांना तिनं एकटीनं जाऊन सांगू नये. तुम्ही जा, वही घेऊन जा, दोन आठवड्यांची झोप आणि टायमिंग शेजारी शेजारी लिहा.

कळवेकर_दादा:
सगळ्यांचे मनापासून आभार. अकरा दिवस झाले म्हणून लिहितोय. नडगी परत दाखवली, दुखणं एका जागी नाही, पसरलेलं आहे, त्यामुळे एमआरआयची गरज नाही म्हणाले. पण हिमोग्लोबिन ९.८ निघालं, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात. फिजिओताई, तुम्ही लिहिलं नसतं तर आम्ही केलंच नसतं.

आईला नाडीची गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही, त्या रात्री साडेनऊला तिनंच टीव्ही बंद केला. बहिणीचं अंथरूण आता किचनच्या बाजूला न घालता खिडकीच्या कोपऱ्यात घालतो, कारशेडच्या गाड्यांचा आवाज तिकडे जास्त येतो पण त्याची तिला लहानपणापासून सवय आहे. मोबाईल आईच्या उशाशी. मी डबा ऑफिसमध्येच अकराच्या ब्रेकला खातो, चपला दाराबाहेर काढतो, लाइट लावत नाही. सरांनी वही बघितली, बराच वेळ बघितली, मंगळवार आणि शुक्रवार सकाळची प्रॅक्टिस काढून संध्याकाळी घेतली. वहीत आता सहा-साडेसहा तास दिसतात, दोन दिवस साडेसात. टायमिंग अजून घेतलेलं नाही, सर म्हणाले आठवडाभर घाई नको.

काल दीडला आलो तर ती उठली नाही. मी अंधारात पाणी प्यायलो आणि थोडा वेळ तसाच बसलो.

आता एकच शंका. मीटच्या दिवशी हीट म्हणजे पहिली प्राथमिक फेरी सकाळी आठची आहे, कळव्याहून पाचला निघावं लागेल. आदल्या रात्री साडेसातलाच झोपवू का?

खाडीपलीकडचा:
नको, झोप येणार नाही आणि छताकडे बघत शर्यतीचाच विचार करत बसेल. आधीचे चार-पाच दिवस रोज अर्धा तास लवकर, एवढं पुरे. आदल्या रात्री झोप लागली नाही तरी घाबरायचं नाही, एका रात्रीनं ४०० मीटर जात नाही, आठवडा चांगला गेलेला हवा. हे तिला आधीच सांगून ठेवा म्हणजे रात्री घड्याळ बघणार नाही. आणि बॅग, स्पाइक्स, बिबच्या पिना सगळं दुपारीच भरून दाराशी.

कळवेकर_दादा:
सांगतो. त्या दिवशी मी सुट्टी टाकली आहे, सोबत जातोय.